आधार मागणारी टोळी आली, तर आधी माणसं मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत पावडर कोटिंगचा छोटा गाळा, चौदा कामगार. त्यातले सहा बिहारचे, तीन पश्चिम बंगालचे. हे नऊ जण चुंचाळ्याकडे भाड्याच्या खोल्यांत राहतात. रविवारी रात्री मोटारसायकलींवरून पोरं आली. दार ठोठावून बाहेर काढलं, आधार मागितलं, व्हिडिओ केला, एकाच्या थोबाडीत दिली, दोघांचे मोबाइल घेतले आणि ‘आठ दिवसांत खोल्या खाली करा’ असं सांगून गेली. गाळ्याच्या मालकांचे तीन प्रश्न: असं तपासायचा यांना अधिकार आहे का? कागद दाखवून टाकले तर मिटेल का? आणि पोलिसांत गेलो तर उद्या गाळ्यावर येतील, मग काय करू?

मी नाशिकच्या जिल्हा न्यायालयात बावीस वर्षं फौजदारी वकिली करते. असे प्रश्न घेऊन येणाऱ्यांत मालक असतात, खोलीमालक असतात, कधी मुकादम असतो. ज्याला मार बसला तो मात्र सहसा नसतो. हे लक्षात ठेवा, पुढे त्यावर येणारच आहे.

तपासायचा अधिकार त्यांना नाही. ‘नागरिकालाही अटक करता येते’ असं ही मुलं ऐकून असतात, ते अर्धवट आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेला कायदा) कलम ४० प्रमाणे तुमच्या डोळ्यांदेखत कुणी दखलपात्र (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) आणि अजामीनपात्र (ज्यात जामीन हक्काने मिळत नाही) गुन्हा करत असेल, किंवा तो फरार घोषित असेल, तर त्याला धरता येतं. धरलं तर विनाविलंब, जास्तीत जास्त सहा तासांत, पोलिसांच्या ताब्यात द्यायचं. खोलीत जेवत बसलेला माणूस या व्याख्येत कुठे बसतो? तो हिंदी किंवा बांगला बोलतो हा गुन्हा नाही. देशात कुठेही जाण्या-राहण्याचा हक्क घटनेच्या १९व्या कलमाने दिलाय. परदेशी असल्याचा संशय असेल तर चौकशी पोलिसांनी आणि संबंधित अधिकाऱ्यांनी करायची. दक्षिण आफ्रिकेत ‘ऑपरेशन डुडुला’ नावाची टोळी हेच करत होती. दवाखान्याच्या दारात उभं राहून लोकांचे कागद तपासायची. नोव्हेंबर २०२५ मध्ये जोहान्सबर्गच्या उच्च न्यायालयाने त्यांना बजावलं की कागद मागायचा अधिकार फक्त इमिग्रेशन अधिकाऱ्याला आणि पोलिसाला आहे. कायदा वेगळा, देश वेगळा, युक्तिवाद तोच.

कागद दाखवून मिटत नाही. आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही, असं आधारच्या कायद्यातच लिहिलंय, आणि मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये ते पुन्हा सांगितलं. ही पोरं रील बघून तेवढं शिकलेली असतात. आज आधार दाखवा, उद्या जन्माचा दाखला मागतील, परवा बापाचा. शिवाय तुमच्या कामगाराचं आधार, चेहरा आणि खोलीचा पत्ता त्यांच्या ग्रुपवर फिरत राहणार. कागद दाखवायचेत ते पोलीस ठाण्यात, झेरॉक्स देऊन, पोच घेऊन. आणि तिथेही डोळे झाकून नाही. जून २०२५ मध्ये महाराष्ट्रात पकडलेले पश्चिम बंगालचे काही मजूर सीमेपलीकडे ढकलले गेले आणि मग त्यांना परत आणावं लागलं. म्हणून तुमच्या त्या तीन जणांच्या घरून शाळेचा दाखला, मतदार यादीतलं आईवडिलांचं नाव, जमिनीचा कागद, जे असेल ते आत्ताच मागवून ठेवा.

आता तिसरा प्रश्न. खरा प्रश्न तोच आहे, पण तुम्ही तो ‘गेलो तर काय होईल’ असा विचारलाय. मी तो वेगळ्या तऱ्हेने मांडते: फिर्यादी कोण होणार?

२००८ च्या फेब्रुवारीत मी ज्युनिअर होते. मुंबईत राज ठाकरेंना अटक झाली तेव्हा इकडे दगडफेक झाली. परप्रांतीय म्हणून लोकांना मारलं, टपऱ्या फोडल्या. सातपूर-अंबडमधून हजारो कामगार निघून गेले, नाशिकरोड स्टेशनवर पाय ठेवायला जागा नव्हती. त्या दगडफेकीत ओझरच्या एचएएलमधला एक कर्मचारी गेला. तो मराठीच होता. त्या आठवड्यात आमच्या सरांच्या ऑफिसात किती मालक येऊन बसले होते! प्रत्येकाला मशीन बंद पडल्याचं दुःख होतं, प्रत्येकाला ‘पोलिसांनी काहीतरी करावं’ असं वाटत होतं. फिर्याद द्या म्हटलं की चहा संपवून उठायचे.

अशा टोळीची ताकद तेवढीच असते. मार खाणारा परका आहे, त्याच्या बाजूने बोलणारा कुणी नाही, आणि तो चार दिवसांत गाडीत बसून गावाला जाणार, हे तिला पक्कं ठाऊक असतं. म्हणून माझा सल्ला: मार खाल्लेल्या मुलाची फिर्याद तर घ्याच, पण त्याच दिवशी तुमचा आणि खोलीमालकाचाही जबाब नोंदवायला लावा. सातबाऱ्यावर, लाइट बिलावर, मतदार यादीत इथला असलेला माणूस पुढे आला की पोलीस ठाण्यातलं बोलणं बदलतं. हे व्हायला नको, पण बदलतं.

माझ्याच एका प्रकरणात मी इथे चुकले होते. बेकरीच्या भट्टीवर काम करणाऱ्या दोन मुलांना रात्री मारलं होतं. फिर्याद चांगली झाली, आरोपी अटक झाले, दोषारोपपत्र आलं. साक्षीची तारीख तीन वर्षांनी लागली. समन्स ‘पत्त्यावर आढळून आला नाही’ असा शेरा मारून परत. खोलीमालक फितूर. डॉक्टरांनी साक्ष दिली की जखमा होत्या. त्या कुणी केल्या हे सांगायला कोर्टात कुणी नव्हतं. निर्दोष. त्यानंतर मी फिर्यादीत गावाकडचा पूर्ण पत्ता, ठाणं, जिल्हा आणि वडिलांचा किंवा सरपंचाचा फोन घातल्याशिवाय सही करू देत नाही. आणि मुलगा गावाला जाण्याआधी दंडाधिकाऱ्यांपुढे त्याच संहितेच्या कलम १८३ खाली त्याचा जबाब व्हावा असा अर्ज तपासी अधिकाऱ्याला देते. तो जबाब एकट्याने शिक्षा लावत नाही, पण पुढे कुणी ‘मी असं बोललोच नव्हतो’ म्हणायला धजत नाही. साक्ष व्हिडिओवरून घेण्याची सोय नव्या संहितेत आहे. न्यायालयाची परवानगी लागते, आणि ती मागायला वकिलाने विसरता कामा नये.

आता गुन्हा कोणता. ठाण्यात जाऊन तुम्ही ‘थोबाडीत मारली, शिवीगाळ केली, धमकी दिली’ एवढंच सांगितलंत तर ठाणे अंमलदार एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद) हातात देतील. त्यात त्यांची प्रत्येक वेळी लबाडी असते असं नाही. साधी मारहाण खरोखरच अदखलपात्र आहे. म्हणून काय काय घडलं ते क्रमाने सांगायचं, आणि त्यातली पहिली गोष्ट आकडा.

पाच हा आकडा पाठ करा. पाच किंवा जास्त माणसं बेकायदा हेतूने जमली की बेकायदेशीर जमाव, आणि त्यांनी बळ वापरलं की दंगा. जन्मस्थान, भाषा, जात, वंश किंवा वैयक्तिक श्रद्धा अशा कारणावरून पाच किंवा जास्त जणांनी मिळून गंभीर दुखापत केली तर न्याय संहितेचं (जुन्या आयपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम ११७(४), सात वर्षांपर्यंत शिक्षा. तसाच खून केला तर १०३(२), जन्मठेप किंवा फाशी. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या कायद्यातली ही नवी कलमं नेमकी झुंडीसाठी आहेत, आणि ‘जन्मस्थान’ आणि ‘भाषा’ हे शब्द त्यात स्पष्ट आहेत. तुमच्या प्रकरणात हाड मोडलेलं नाही, त्यामुळे ११७(४) लागणार नाही. उगाच आग्रह धरू नका, फिर्याद हलकी होते.

पण मोबाइल? मारून किंवा माराची भीती घालून मोबाइल घेतला तर ती जबरी चोरी, आणि जबरी चोरी पाच किंवा अधिक जणांनी मिळून केली तर कायद्यात तिला दरोडा म्हणतात. जन्मठेपेपर्यंतची शिक्षा. एवढ्या मोठ्या शिक्षेचा गुन्हा असला की वर सांगितलेला १८३ चा जबाब दंडाधिकाऱ्यांनी नोंदवायलाच हवा. आता हे परिस्थितीवर अवलंबून आहे: मोबाइल घेऊन गेले, की फक्त व्हिडिओ पुसून तिथेच फेकले? घेऊन गेले असतील तर दरोड्याचा मुद्दा दमदार आहे. फेकून गेले असतील तर बचाव पक्ष म्हणेल, चोरीचा हेतूच नव्हता. तुमच्या प्रश्नात हे नीट आलेलं नाही. दोघांना वेगवेगळं बसवून विचारा आणि जे असेल तेच सांगा. फिर्याद फुगवण्याइतकं नुकसान दुसऱ्या कशाने होत नाही.

आणखी दोन गोष्टी विचारा. कुणी ‘आम्ही क्राइम ब्रँचचे’, ‘पोलिसांनी पाठवलंय’ असं म्हणालं का? म्हणालं असेल तर सरकारी नोकर असल्याची बतावणी, तो वेगळा आणि अजामीनपात्र गुन्हा. दार ढकलून आत आले का? गृहअतिक्रमण. यातला एक जरी गुन्हा दखलपात्र निघाला तर अख्खं प्रकरण दखलपात्र धरावं लागतं, मग एनसी देऊन बोळवण करता येत नाही.

कलमांवर मी इतकी का अडून बसते? २०२४ च्या ऑगस्टमध्ये धुळे-मुंबई एक्स्प्रेसमध्ये इगतपुरीजवळ जळगावकडच्या एका वृद्धाला गोमांस नेतो म्हणून डब्यातल्या तरुणांनी मारलं. सुरुवातीला सौम्य कलमं लागली, आरोपींना लगेच जामीन मिळाला. व्हिडिओ देशभर फिरला, मग कलमं वाढली. प्रत्येकाच्या माराचा व्हिडिओ देशभर फिरत नाही. ज्याचा फिरत नाही, त्याच्यासाठी पहिल्या दिवशीची फिर्याद हाच काय तो आधार.

व्हिडिओवरून आठवलं. तुमच्याकडचा सगळ्यात चांगला पुरावा त्याच पोरांनी तयार करून ठेवलाय. स्टेटसला, इन्स्टावर टाकलाच असेल. तो दिसतोय तोवर कुणाकडून तरी स्क्रीन रेकॉर्ड करून घ्या, खात्याचं नाव आणि लिंक लिहून घ्या. संताप आला तरी फॉरवर्ड करू नका. ज्या फोनवर घेतला तो फोन जपा. साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र त्या फोनच्या मालकाला द्यावं लागतं. समोरच्या किराणा दुकानाचा, कोपऱ्यावरच्या गाळ्याचा सीसीटीव्ही आजच बघा. बऱ्याच डीव्हीआरवर आठ-पंधरा दिवसांत जुनं पुसलं जातं, आणि पोलिसांचं पत्र जाईपर्यंत ते गेलेलं असतं. मार बसलेल्या मुलाला सिव्हिलला नेऊन तपासून घ्या, गाल सुजलेला नसला तरी.

फिर्याद घेतली नाही तर? लेखी अर्ज करा, पोच घ्या, आणि तोच अर्ज रजिस्टर पोस्टाने पोलीस आयुक्तांना पाठवा. तरीही हालचाल नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं, प्रतिज्ञापत्रासह. अर्जात एक वाक्य घाला: सर्वोच्च न्यायालयाने १७ जुलै २०१८ च्या तहसीन पूनावाला निकालात झुंडीच्या हिंसेसाठी नेमायला सांगितलेल्या नोडल अधिकाऱ्यांकडे हा अर्ज पाठवावा. त्या निकालाप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षकापेक्षा कमी नसलेल्या दर्जाचा अधिकारी यासाठी नेमायचा आहे, आणि हयगय करणाऱ्या पोलिसांवर कारवाईही व्हायची आहे. हे वाक्य वाचून कुणी उठून उभं राहत नाही. पण अर्ज फाइलला लावून टाकायच्या आधी माणूस दोनदा विचार करतो.

वकिलाची फी परवडत नाही असं कामगार म्हणतील. जिल्हा न्यायालयातच विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. औद्योगिक कामगार आणि वांशिक हिंसेचे बळी, दोघेही मोफत वकिलाला पात्र आहेत. उत्पन्नाचा दाखला मागायचं कारण नाही.

आता थोडं तुमच्याविषयी, कडू वाटलं तरी. मालक फिर्याद द्यायला कचरतो त्याचं कारण दर वेळी टोळी नसते. बऱ्याचदा घरचं दप्तर स्वच्छ नसतं. चौदा कामगार म्हणजे तुम्हाला ईएसआय, म्हणजे कामगारांचा राज्य विमा, लागू आहे (भविष्यनिर्वाह निधी वीसपासून). यांची नावं ईएसआयला आहेत का? पगार बँकेत जातो की पाकिटात? भाडेकरूंची माहिती खोलीमालकाने ठाण्यात दिलीय का? नसेल तर या आठवड्यात करा. बाहेरच्या माणसासाठी ईएसआयचं कार्ड आणि सहा महिन्यांचा बँक पगार यांच्याइतकं ‘मी इथे उघडपणे राहतो’ हे सांगणारं दुसरं काही नाही. सातपूरच्या ईएसआय दवाखान्यात औषध मिळतं ते निराळंच.

त्या तिघांपैकी एखादा खरंच सीमेपलीकडचा निघाला तर? शक्यता नाकारत नाही, आणि तसं असेल तर लपवा असं मी सांगणार नाही. लपवणारा स्वतः अडकतो. पोलिसांना कळवायचं आणि कायद्याने जे होईल ते वकील देऊन होऊ द्यायचं. पण तसं निघालं तरी रविवारच्या रात्रीचा गुन्हा गुन्हाच राहतो. घटनेचं २१वं कलम नागरिकापुरतं नाही, कुठल्याही माणसासाठी आहे.

‘पोरांचंही खरं आहे, स्थानिकांना काम मिळत नाही’ असं कुणी म्हणेल. ती तक्रार मला खोटी वाटत नाही. माझ्या पक्षकारांत आयटीआय करून घरी बसलेली मुलंही आहेत. सरकारी सवलती घेणाऱ्या उद्योगांनी ८० टक्के स्थानिक घ्यावेत हे राज्याचं धोरण आहे. ज्याला तपासायचंय त्याने जिल्हा उद्योग केंद्रात अर्ज करून त्याचा हिशेब मागावा. ते काम चिकाटीचं आहे आणि त्याचा व्हिडिओ होत नाही, म्हणून कुणी करत नाही. आणि गंमत बघा: मालेगावचे यंत्रमाग ज्यांच्या जिवावर उभे राहिले त्या विणकरांचे पूर्वज १८५७ नंतर उत्तरेतून आले. आमच्याच जिल्ह्यातली सुरगाणा-पेठची माणसं द्राक्षाच्या छाटणीला दिंडोरी-निफाडला जातात, तिथे तीही ‘बाहेरची’च असतात. कुंभमेळ्याची कामं कोण करतंय, तेही साइटवर जाऊन बघा.

पोलिसांत गेल्यावर गाळ्यावर येतील का? येऊ शकतात. माझ्या अनुभवात फिर्याद झालेल्या ठिकाणी दुसऱ्यांदा येतात ते बहुधा समेटाला, कुणातरी ‘भाऊं’ना मध्ये घालून. न झालेल्या ठिकाणी दुसऱ्यांदा संख्या वाढते. पण हा अंदाज आहे, हमी नाही. त्यामुळे येतील असं धरून तयारी ठेवा. गेट आतून बंद. एकच माणूस बोलेल, तो तुम्ही, आणि मराठीतच. दुसरा ११२ लावेल. कामगारांना आधीच सांगा की रॉड, पाइप कुणी उचलायचा नाही. स्वसंरक्षणाचा हक्क आहे, पण एकदा समोरच्याचं डोकं फुटलं की क्रॉस केस होते, म्हणजे तुमच्यावरही उलटा गुन्हा दाखल होतो, आणि मग समेटाशिवाय वाट राहत नाही.

दरवाजाचं महत्त्व मी उगाच सांगत नाही. १ जुलै २०१८, एकच दिवस. धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारे समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारलं. बहुतेक सोलापूरकडची मराठी माणसं होती ती. त्याच रात्री मालेगावात तशाच अफवेवरून एका कुटुंबाला जमावाने घेरलं, बरोबर दोन वर्षांचं लेकरू. तिथे एका रहिवाशाने त्यांना घरात घेतलं आणि पोलीस येईपर्यंत दार धरून ठेवलं. ते वाचले. इगतपुरी तालुक्यात जून २०२३ मध्ये गोरक्षणाच्या नावाखाली दोघांचे जीव गेले, तेव्हा असं दार नव्हतं. रस्त्यात गाडी अडवून ‘तपासणी’ झाली होती. म्हणून खोलीमालकाला आजच गाठा. तुमच्या खोल्यांना आतून कडी आहे का, आणि असा प्रसंग आला तर शेजारचं कोण दार उघडेल, हे दोन प्रश्न विचारा.

कामगार गावाला जायचं म्हणत असतील, तर त्यांना अडवू नका. भीती त्यांची आहे, तिचा हिशेब तुम्ही-मी करायचा नाही. फक्त जाण्याआधी फिर्याद, वैद्यकीय तपासणी आणि १८३ चा अर्ज एवढं होऊ द्या, आणि राहिलेला पगार हातात ठेवा. पगार अडकवून थांबवलंत, तर त्यांच्या लेखी तुम्हीही त्या पोरांतलेच.

ठाण्यात सकाळी अकराच्या आत जा. दुपारनंतर साहेब बंदोबस्तात असतात. ज्याला मारलंय त्याला हिंदीतच बोलू द्या, मध्ये दुरुस्त्या करू नका. फिर्याद मराठीत टाइप होईल. ती त्याला हिंदीत वाचून दाखवल्याशिवाय सही नाही, आणि वाचून दाखवल्याची नोंद खाली हवी. प्रत मोफत मिळते, घेतल्याशिवाय उठू नका. खोलीमालक नाही म्हणाला तर एकटे जा. किती जण होते असं विचारतील, तेव्हा ‘दहा-बारा’ म्हणू नका. गाड्या किती आल्या, एकेकीवर किती बसले होते, ते मुलांना आजच आठवायला बसवा.